भंडाऱ्याचे जे. एम. पटेल महाविद्यालय : इतिहास, अभ्यासक्रम आणि वैद्यकव्यवसायाशी नाते

प्रास्ताविक

औषधी द्रव्याचे ज्ञान तीन अंगांनी पूर्ण होते : नाम, रूप आणि योग. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात या विषयाचे मार्मिक विवेचन केले आहे. अरण्यात शेळ्यामेंढ्या व गाई राखणारे आणि इतर वनवासी लोक वनस्पतींना नावाने व रूपाने ओळखतात. परंतु एवढ्याने त्या वनस्पतीचा उपयोग कळत नाही, आणि जो तो उपयोग देश, काल व पुरुष यांचा विचार करून जाणतो तोच श्रेष्ठ वैद्य होय, असा त्या विवेचनाचा आशय आहे. आचार्यांच्या काळी वैद्याला रूपज्ञान असणे गृहीत होते आणि प्रश्न योगज्ञानाचा होता. आज परिस्थिती नेमकी उलट झाली आहे. आपणांस योग पाठ असतात, अनुपाने पाठ असतात, परंतु दुकानातून आलेल्या पुडीत जे द्रव्य आहे ते खरोखर तेच आहे काय, या प्रश्नाचे उत्तर आपल्यापैकी फारच थोड्या जणांना छातीठोकपणे देता येते.

या अंकासाठी आपल्या जिल्ह्यातील एका जुन्या विद्यासंस्थेचा परिचय लिहावयाचे ठरविले, तेव्हा प्रथम हाच विचार मनात आला. भंडारा येथील जे. एम. पटेल कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालय हे आयुर्वेदाचे महाविद्यालय नाही. तेथे संहिता शिकविली जात नाही, की रुग्णालयही नाही. तरीही वैद्यबंधू-भगिनींनी व औषधी दुकानदारांनी या महाविद्यालयाचा इतिहास आणि तेथील अभ्यासक्रम जाणून घेणे आवश्यक आहे असे मला वाटते. त्याचे कारण लेखाच्या ओघात स्पष्ट होईल.

पूर्वपीठिका

भंडारा जिल्हा हा पूर्वीच्या मध्य प्रांत व वऱ्हाडाचा भाग. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाबरोबर तो द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्यात समाविष्ट झाला. त्या काळचा भंडारा जिल्हा आजच्यापेक्षा बराच मोठा होता. १ मे १९९९ रोजी त्यातून गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा निर्माण झाला. आज भंडारा जिल्ह्यात भंडारा, मोहाडी, तुमसर, पवनी, साकोली, लाखनी व लाखांदूर असे सात तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १२ लाखांच्या घरात आहे. वैनगंगेचे खोरे, भाताची शेती, तलाव, जंगल, तुमसरकडील मँगनीजच्या खाणी आणि भंडाऱ्याची पितळी भांडी ही या भागाची जुनी ओळख.

उच्च शिक्षणाच्या बाबतीत मात्र हा भाग दीर्घकाळ नागपूरवर अवलंबून होता. नागपूर विद्यापीठाची स्थापना ४ ऑगस्ट १९२३ रोजी झाली. भंडारा ते नागपूर हे अंतर सुमारे ६० किलोमीटरचे. आज ते दीड तासाचे वाटते; परंतु ज्या काळी वैनगंगेच्या पलीकडील गावांतून भंडाऱ्यास येणे हाच पावसाळ्यात एक प्रवास होता, त्या काळी शेतकऱ्याच्या मुलाने, त्यातही मुलीने, नागपुरास राहून पदवी घेणे ही दुर्मीळ गोष्ट होती. मॅट्रिक झाले की शिक्षण संपले, हीच सर्वसाधारण रीत.

ही अडचण ज्यांनी ओळखली त्यांत गोंदियाचे मनोहरभाई पटेल यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. त्यांचा जन्म ९ फेब्रुवारी १९०६ चा व मृत्यू १९७० मधला. मूळ गुजरातेतील हे घराणे गोंदियास येऊन विडीच्या व्यवसायात स्थिरावले. येथे वैद्यांनी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. विडीचा व्यवसाय उभा राहतो तो तेंदूच्या पानावर. हा तेंदू, आपल्या झाडीपट्टीतील टेंभुर, म्हणजेच संहितांतील तिंदुक वर्गातील वृक्ष. या भागातील मजुरांनी उन्हाळ्यात जंगलातून तोडलेल्या पानांवर जो व्यापार उभा राहिला, त्यातील द्रव्याचा एक वाटा पुढे शाळा-महाविद्यालयांच्या रूपाने याच भागास परत मिळाला. मनोहरभाईंनी १९५८ साली गोंदिया शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि गोंदियासह जिल्ह्यात अनेक ठिकाणी शिक्षणाची दारे उघडली.

महाविद्यालयाची स्थापना

भंडारा येथे १९६४ साली जे. एम. पटेल महाविद्यालय सुरू झाले. जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणी कला, वाणिज्य व विज्ञान या तिन्ही शाखा एकाच छत्राखाली उपलब्ध होणे ही त्या काळात मोठीच सोय होती. महाविद्यालय नागपूर विद्यापीठास संलग्न झाले. २००५ साली या विद्यापीठाचे नामकरण राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ असे झाले. २०११ साली चंद्रपूर व गडचिरोली हे जिल्हे नव्या गोंडवाना विद्यापीठाकडे गेले. भंडारा व गोंदिया मात्र नागपूर, वर्धा या जिल्ह्यांबरोबर नागपूर विद्यापीठातच राहिले.

१९६४ हे वर्ष आपल्या व्यवसायाच्या दृष्टीनेही महत्त्वाचे आहे. याच वर्षी १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात दुरुस्ती होऊन आयुर्वेदीय व युनानी औषधांसाठी ‘चार-अ’ हे स्वतंत्र प्रकरण त्यात समाविष्ट झाले. म्हणजे ज्या वर्षी भंडाऱ्यात वनस्पतीशास्त्र व रसायनशास्त्र शिकविणारे महाविद्यालय उभे राहिले, त्याच वर्षी आयुर्वेदीय औषधाच्या शुद्धाशुद्धतेचा प्रश्न कायद्याच्या कक्षेत आला. हा निव्वळ योगायोग खरा. परंतु या दोन घटनांची सांगड घालण्याचे काम आपण गेल्या साठ वर्षांत केले नाही, हेही तितकेच खरे.

एक विद्यापीठ, दोन वाटा

विदर्भातील आयुर्वेद शिक्षणाकडे या संदर्भात थोडे पाहणे उपयुक्त ठरेल. १९६१ च्या महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियमाने राज्यभरातील वैद्यांच्या नोंदणीस एकसूत्रता आली. १९७० च्या भारतीय चिकित्सा केंद्रीय परिषद अधिनियमान्वये केंद्रीय परिषद अस्तित्वात आली आणि निरनिराळ्या प्रांतांतील निरनिराळ्या पदव्यांच्या जागी बी. ए. एम. एस. हा देशभर एकसारखा अभ्यासक्रम रूढ झाला. त्या परिषदेची जागा आता २०२० च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या राष्ट्रीय भारतीय चिकित्सा पद्धती आयोगाने घेतली असून आयोगाचे कामकाज जून २०२१ पासून सुरू आहे.

नागपूर परिसरातील आयुर्वेद महाविद्यालये पूर्वी नागपूर विद्यापीठाच्याच कक्षेत होती. १९९८ साली नाशिक येथे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची स्थापना झाली आणि त्यानंतर राज्यातील वैद्यकाच्या सर्व शाखा क्रमाने त्या विद्यापीठाकडे गेल्या. वैद्यकीय शिक्षणाच्या एकसूत्रीकरणासाठी हे योग्यच होते. परंतु त्याची दुसरी बाजू अशी की, द्रव्यगुणाचा अध्यापक आणि वनस्पतीशास्त्राचा अध्यापक, रसशास्त्राचा अध्यापक आणि रसायनशास्त्राचा अध्यापक, हे जे एका विद्यापीठाचे सदस्य म्हणून अधूनमधून एकत्र येत, त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. तालुक्याच्या गावी व्यवसाय करणाऱ्या वैद्याचा तर विज्ञान महाविद्यालयाशी संबंध बारावी संपताच तुटतो, तो मुलांच्या प्रवेशापर्यंत पुन्हा जुळत नाही.

अभ्यासक्रमाचे स्वरूप

महाविद्यालयात कला, वाणिज्य व विज्ञान या तीन शाखांचे पदवीशिक्षण दिले जाते. कोणत्या वर्षी कोणते विषय व किती जागा उपलब्ध आहेत, हे त्या त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत पाहावे. येथे फक्त आपल्या वाचकांस उपयुक्त अशा दृष्टीने शाखांचा विचार करू.

(१) विज्ञान शाखा : वनस्पतीशास्त्र हा आपल्या दृष्टीने सर्वांत जवळचा विषय. वनस्पतींचे वर्गीकरण, कुलांची लक्षणे, पान-फूल-फळांची बाह्यरचना, तसेच मूळ, खोड व साल यांचे सूक्ष्म छेद घेऊन अंतर्रचना पाहणे, हे या विषयाचे मूलभूत प्रात्यक्षिक शिक्षण होय. द्रव्यगुणविज्ञानात ज्यास आपण स्वरूप म्हणतो, त्याचाच हा सविस्तर अभ्यास. रसायनशास्त्रात पदार्थाचे गुणात्मक व मात्रात्मक परीक्षण येते. आयुर्वेदीय फार्माकोपियात प्रत्येक द्रव्यासाठी भस्मांश, अम्ल-अविद्राव्य भस्मांश, जलविद्राव्य व मद्यविद्राव्य अंश यांच्या मर्यादा दिलेल्या असतात. त्या मोजण्यास लागणारी तराजू, भट्टी व काचेची उपकरणे ही रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतील नित्याची साधने आहेत. कच्च्या द्रव्यातील बुरशी व किडीचा विचार करावयाचा तर सूक्ष्मजीव व कीटक यांच्या अभ्यासाची मदत लागते.

(२) वाणिज्य शाखा : औषधी दुकानदारांच्या पुढच्या पिढीला केवळ औषधांची नावे येऊन भागत नाही. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला आणि लहानशा दुकानालाही खरेदी-विक्रीची बिले, साठ्याची नोंद व विवरणपत्रे यांची शिस्त पाळावी लागू लागली. हिशेबशास्त्राचे शिक्षण घेतलेला मुलगा वा मुलगी घरात असल्यास या कामी केवढा आधार होतो, हे आपल्यातील अनेक जण अनुभवाने जाणतात. माल कोणाकडून, कोणत्या तारखेस व कोणत्या गटक्रमांकाचा आला ही नोंद नीट असेल, तरच सदोष द्रव्याचा माग काढता येतो. म्हणून हा विषय औषधाच्या शुद्धतेपासून वेगळा नाही.

(३) कला शाखा : भाषा व समाजशास्त्रे यांचा वैद्यकाशी काय संबंध, असे प्रथमदर्शनी वाटेल. परंतु आपल्या भागात झाडीबोली बोलली जाते आणि वनस्पतींची स्थानिक नावे त्या बोलीतली आहेत. अर्जुन वृक्षास आपल्याकडे कहू म्हणतात, ऐनास येन म्हणतात, चारोळीच्या झाडास नुसते चार म्हणतात आणि संहितांतील बीजकास बिजा म्हणतात. खेड्यातील म्हातारी माणसे ही नावे जाणतात. त्यांची नातवंडे जाणत नाहीत. ही नावे गावोगाव जाऊन टिपणे हे भाषेच्या विद्यार्थ्याचे काम आहे आणि त्याचा प्रत्यक्ष लाभ वैद्यास आहे.

यासोबत वैद्यांच्या व औषधी दुकानदारांच्या घरी नेहमी विचारल्या जाणाऱ्या दोन प्रश्नांचा उल्लेख करतो. बी. ए. एम. एस. साठी बारावी विज्ञान शाखेत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र हे विषय आणि नीट ही प्रवेशपरीक्षा आवश्यक आहे. हा अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा असून त्यानंतर एक वर्षाची आंतरवासिता असते. २०२२ च्या नियमांनुसार साडेचार वर्षांची विभागणी प्रत्येकी अठरा महिन्यांच्या तीन टप्प्यांत केली आहे. डी. फार्म. हा दोन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम असून त्यासाठीही बारावी विज्ञान लागते. जीवशास्त्राऐवजी गणित घेतलेल्या विद्यार्थ्यासही तो करता येतो. तात्पर्य, कोणत्याही वाटेने जायचे असले तरी बारावी विज्ञानाचा पाया टाळता येत नाही. आणि नीटमध्ये अपेक्षित गुण न मिळाल्यास वनस्पतीशास्त्र व रसायनशास्त्र घेऊन बी. एस्सी. करणे हा कमी प्रतीचा पर्याय समजू नये. औषधनिर्मितीच्या कारखान्यांना द्रव्यपरीक्षण करणारी माणसे हवीच असतात.

एक अनुभव

आता ज्या कारणासाठी हा लेख लिहावासा वाटला, ते सांगतो. २०११ मधील गोष्ट आहे. रक्तप्रदराने पीडित असलेली एक चाळिशीच्या आतील स्त्री माझ्याकडे उपचारास आली. मी शास्त्राप्रमाणे अशोकत्वचेचा क्षीरपाक सुरू केला. साल एका व्यापाऱ्याकडून तुकड्यांच्या रूपात घेतलेली होती आणि दवाखान्यातच भरड करून दिली जात होती. तीन आठवडे झाले तरी स्राव थांबेना. मी मात्रा वाढविली, आहार बदलला, निदानाचा पुनर्विचार केला. रुग्णेने पथ्य पाळले नसावे, अशीही शंका मनात आली आणि, सांगावयास संकोच वाटतो, ती मी तिच्या पतीसमोर बोलूनही दाखविली. पाचव्या आठवड्यात तिचे हिमोग्लोबिन ७ च्या खाली गेले आणि तिला रुग्णालयात दाखल करून रक्त द्यावे लागले. ती बरी झाली. परंतु पुन्हा माझ्याकडे आली नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी, एका परिचित वनस्पतीशास्त्राच्या प्राध्यापकांकडे सहज म्हणून मी ती साल घेऊन गेलो. त्यांनी तुकडा पाण्यात भिजत ठेवला, दुसऱ्या दिवशी त्याचे पातळ छेद घेतले आणि स्वतःजवळील खऱ्या अशोकाच्या छेदाशेजारी ठेवून मला सूक्ष्मदर्शकातून पाहावयास सांगितले. दोन्ही छेद एक नव्हते, हे माझ्यासारख्या अनभ्यस्तासही दिसले. मग त्यांनी खिडकीतून आवाराच्या भिंतीलगत उभ्या असलेल्या उंच, सरळ वाढलेल्या झाडांच्या रांगेकडे बोट दाखविले व म्हणाले, “वैद्यबुवा, तुमची साल बहुधा या झाडाची आहे.”

ते झाड म्हणजे आसुपालव. बंगल्यांसमोर, शाळांत, कचेऱ्यांच्या आवारात शोभेसाठी लावले जाणारे आणि लोक ज्यास सर्रास अशोक म्हणतात ते. त्याचे शास्त्रीय नाव पॉलिअल्थिया लाँगिफोलिया. अलीकडे वनस्पतीशास्त्रज्ञ त्यास मोनून लाँगिफोलियम म्हणतात. औषधी अशोक, म्हणजे सीताअशोक, हा सराका असोका. दोघांचे कुलही निराळे. सीताअशोकाचे पान संयुक्त, फुले नारिंगी-तांबडी व गुच्छांत; आसुपालवाचे पान साधे, कडा नागमोडी आणि फुले हिरवट, सहसा लक्षातही न येणारी. झाड समोर असेल तर बालकही भेद सांगेल. परंतु वाळलेल्या सालीचे तुकडे पोत्यात आल्यावर पान नाही, फूल नाही, आणि उरते ते केवळ नाव. व्यापाऱ्याने नाव सांगितले आणि मी ते मानले.

खरी साल वापरली असती तर त्या रुग्णेचा स्राव निश्चितपणे थांबला असता, असे मी म्हणणार नाही. चिकित्सेत असे ठामपणे सांगता येत नाही. परंतु जे औषध मी दिलेच नव्हते, ते दिले असे समजून मी निदान बदलले, मात्रा बदलली आणि रुग्णेस दोष दिला. यातील शेवटची गोष्ट मला अजूनही बोचते. चूक व्यापाऱ्याची म्हणून हात झटकता येतील. पण रुग्णा व्यापाऱ्याकडे नव्हे, माझ्याकडे आली होती.

संदिग्ध व भेसळयुक्त द्रव्ये

अशोक हे एकच उदाहरण नाही. नित्य व्यवहारातील काही द्रव्यांचा येथे निर्देश करतो.

अर्जुन व ऐन : दोन्ही एकाच टर्मिनालिया प्रजातीतील आणि दोन्ही आपल्या जंगलात विपुल. अर्जुनाची साल बाहेरून गुळगुळीत, पांढुरकी-राखाडी असून तिचे पापुद्रे सुटतात. ऐनाची साल काळसर, खोल चिरा पडलेली, मगरीच्या पाठीसारखी. दोघांच्या फळांस पाच पंख असतात, परंतु ऐनाच्या फळाचे पंख अधिक रुंद असून त्यांवरील रेषा आडव्या, कडेकडे सरळ जाणाऱ्या असतात; अर्जुनाच्या पंखांवरील रेषा वरच्या बाजूस वळलेल्या असतात. जंगल जवळ असलेल्या वैद्याने ही दोन्ही झाडे शेजारी शेजारी पाहून ठेवावीत.

पुनर्नवा : बोऱ्हाविया डिफ्यूजा, आपली घेटुळी, हिच्या जागी ट्रायँथेमा ही वनस्पती बाजारात येते. पहिलीची फुले लहान, गुलाबी, दांड्यावर झुबक्यांनी येतात आणि फळ कंगोरेदार व चिकट असल्याने कपड्यास चिकटते. दुसरीची पाने मांसल, फुले पानाच्या बेचक्यात एकेकटी व फळ झाकण उघडावे तसे उघडून आतील काळ्या बिया दिसतात. पावसाळ्यात दोन्ही एकाच बांधावर सापडतात.

नागकेशर : खरे नागकेशर मेसुआ फेरियाचे पुंकेसर होय. बाजारात त्याऐवजी सुरंगीच्या वाळलेल्या कळ्या मिळतात. येथे तर सूक्ष्मदर्शकाचीही गरज नाही. केसर आणि कळी यांतला फरक डोळ्यांना दिसतो. तरीही चूक होते, कारण पुडी उघडून पाहण्याची सवय राहिलेली नाही.

शंखपुष्पी, रास्ना, ब्राह्मी, विडंग : या नावांखाली निरनिराळ्या प्रांतांत निरनिराळ्या वनस्पती वापरल्या जातात. यांतील काही भेद परंपरेने मान्य आहेत, काही केवळ व्यापाराच्या सोयीने रूढ झाले आहेत. आपण नेमकी कोणती वापरतो, हे वैद्यास माहीत असणे एवढे तरी अपरिहार्य आहे.

कायद्याची बाजू

काही वैद्यमित्र म्हणतात, औषधाची परीक्षा हे कारखानदाराचे काम. तयार औषधांपुरते हे बरोबर आहे. २००० साली परिशिष्ट ‘टी’ अन्वये आयुर्वेदीय औषधनिर्मितीसाठी उत्तम निर्मितीपद्धतीचे नियम लागू झाले, आणि कच्च्या मालाची ओळख व परीक्षण ही जबाबदारी निर्मात्यावर आली. परंतु जो वैद्य स्वतःच्या रुग्णांसाठी स्वतः औषध तयार करतो, त्याला निर्मितीविषयीच्या या निर्बंधांतून कायद्यानेच सूट दिली आहे. ही सूट म्हणजे आपल्या परंपरेचा सन्मान आहे. मात्र तिचा अर्थ असाही आहे की, वैद्याच्या खलबत्त्यात पडणाऱ्या द्रव्याची परीक्षा त्याच्याखेरीज दुसरे कोणीही करणार नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्यानेही स्थानिक लोक, वैद्य व हकीम यांना वनस्पती वापरण्याबाबत सवलत दिली. सवलती जितक्या अधिक, तितकी जबाबदारी अधिक.

काय करता येईल ?

२०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून राज्यातील संलग्न महाविद्यालयांत राष्ट्रीय शिक्षण धोरणानुसार पदवी अभ्यासक्रमांची फेररचना लागू झाली. तीत भारतीय ज्ञानप्रणाली हा विषय, क्षेत्रीय प्रकल्प आणि प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणचे प्रशिक्षण यांना श्रेयांक दिले आहेत. विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी विषय हवे आहेत आणि आपल्याला परीक्षक हवे आहेत. ही संधी आजवर कधी इतकी सोयीची नव्हती. या दृष्टीने काही सूचना विचारार्थ मांडतो.

१) जिल्ह्यातील वैद्यांनी आपल्या नित्य वापरातील २० एकौषधींची यादी करावी आणि प्रत्येकाचा थोडा नमुना वनस्पतीशास्त्र विभागाकडे ओळखीसाठी द्यावा. विभागाच्या अनुमतीने व सोयीने हे काम विद्यार्थ्यांचा क्षेत्रीय प्रकल्प म्हणून होऊ शकेल.

२) ओळख निश्चित झालेल्या द्रव्यांचे नमुने काचेच्या बरण्यांत, त्यावर स्थानिक नाव, शास्त्रीय नाव, स्थळ व तारीख लिहून संघटनेच्या कार्यालयात ठेवावेत. नव्या खरेदीची तुलना करण्यास असा संग्रह हाताशी असावा.

३) औषधी दुकानदारांनी प्रत्येक नव्या गटातील मूठभर माल वेगळा, चिठ्ठीसह राखून ठेवावा. तक्रार आल्यास तोच पुरावा ठरतो, आणि प्रामाणिक दुकानदाराचे त्यात हितच आहे.

४) शक्य तेथे साल, मूळ व पंचांग अखंड स्वरूपातच विकत घ्यावे. चूर्ण झाल्यावर ओळख फार कठीण होते. चूर्ण दवाखान्यात करावे.

५) भारतीय ज्ञानप्रणालीच्या तासांसाठी वैद्यांनी महाविद्यालयात विनामूल्य व्याख्याने द्यावीत. आपण केवळ मागावयास जाऊ नये; योगज्ञान देण्यासारखे आपल्याजवळ आहे.

६) वर्षातून दोनदा, श्रावणात व शिशिरात, वैद्य, दुकानदार व विद्यार्थी यांची संयुक्त वनस्पतीपरिचय सहल जिल्ह्यातील जंगलात काढावी. वनविभागाची अनुमती घ्यावी आणि सोबत गावातील एखादा जाणता वृद्ध अवश्य असावा.

समारोप

जे. एम. पटेल महाविद्यालयास साठ वर्षे पूर्ण झाली आहेत. या काळात येथून शिकून गेलेल्या पिढ्यांनी जिल्ह्यातील शाळा, कचेऱ्या, दुकाने व शेती सांभाळली. ज्या तेंदूपानाच्या व्यापारातून अशा संस्थांना आधार मिळाला, ते पान तोडणारा मजूर वनस्पतीला नावाने व रूपाने ओळखत होता. त्याची नातवंडे आज याच महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत तीच वनस्पती सूक्ष्मदर्शकाखाली पाहत असतील. चरकाचार्यांनी सांगितलेले नाम वनवासी जाणतो, रूप आता प्रयोगशाळा दाखवू शकते आणि योग वैद्याकडे आहे. हे तिघे भंडारा जिल्ह्यात एकमेकांपासून काही किलोमीटरच्या अंतरावर राहतात. त्यांची भेट घडविणे हे आपल्या संघटनेचे कर्तव्य आहे असे मी नम्रपणे सुचवितो.

वाचकांना एकच विनंती आहे. हा अंक खाली ठेवण्यापूर्वी आपल्या दवाखान्यातील वा दुकानातील अशोकाच्या सालीची बरणी उघडावी, एक तुकडा हातात घ्यावा आणि हा कोणत्या झाडाचा, हे मला कोणी सांगितले, असा प्रश्न स्वतःला विचारावा. उत्तर केवळ ‘व्यापाऱ्याने’ असे असेल, तर तो तुकडा कागदात बांधून जवळच्या विज्ञान महाविद्यालयाची वाट धरावी.